किल्ला करणारी मुलं आणि चित्राचा तास

दिवाळीची सुट्टी लागली की पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाड्यांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत माती कालवायला सुरुवात होते. विटा, दगड, फुटक्या फरश्या रचून आधी ढिगारा उभा राहतो. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पडतं आणि त्याच्या चुण्यांमधून कडे, घळी, सोंडा दिसू लागतात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते; चार-सहा दिवसांत कोवळी हिरवळ वर येते. मग तटबंदी, बुरूज, पाण्याचं टाकं, माचीवर मावळे आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज.

या खटाटोपात मुलं जे प्रश्न सोडवतात ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. पायथ्यापासून महादरवाजापर्यंत वाट सरळ नेली तर ती इतकी खडी होते की तिच्यावर ठेवलेला मावळा घसरतो. म्हणून वाटेला वळणं द्यावी लागतात. बुरूज कड्याच्या अगदी टोकाला बसवला की ओल्या मातीसकट खाली येतो. त्याच्या बुडाशी दगड हवा हे दुसऱ्यांदा बांधताना कळतं. तट किती उंच ठेवायचा हे हातातल्या मावळ्याच्या उंचीवरून ठरतं, आणि एकदा ते ठरलं की दरवाजा, पायऱ्या, तोफा सगळ्यांना त्याच मापात यावं लागतं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात असा दडवला आहे की समोरून येणाऱ्याला तो चटकन दिसत नाही. गटातल्या एखाद्या ताईने तो पाहिलेला असतो. ती मातीत तशी रचना करू लागते, वाकून मुंगीच्या उंचीवरून बघते, आणि दरवाजा खरोखर दिसेनासा झाला की सगळ्यांना बोलावून दाखवते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तामिळनाडूत. डोंगर, कडा, खाडी, समुद्र यांचा नेमका अंदाज घेऊन केलेली लष्करी बांधणी हे त्या गौरवामागचं एक मोठं कारण. दहा वर्षांचं पोर अंगणात चिखल थापताना त्याच गोष्टीला हात घालतं. उतार, भार, प्रमाण, नजरेची रेषा या चारही गोष्टी त्याला एकही व्याख्या न सांगता भेटतात, आणि त्या भेटतात कारण त्याचे हात कामात असतात.

दिवाळी संपते, शाळा उघडते आणि वेळापत्रकातला चित्रकलेचा तास येतो. बहुतेक शाळांत तो आठवड्यातून एक किंवा दोन वेळा असतो. परीक्षा जवळ आली की गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. जो तास उरतो त्यात फळ्यावर दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचं झाड. मुलं ते वहीत उतरवतात. विदर्भातल्या ज्या गावाच्या शंभर किलोमीटर परिघात नारळाची बाग नाही तिथेही हे झाड वहीत उभं राहतं. मूल जिथे राहतं तिथला डोंगर कसा दिसतो, दुपारी त्याचा रंग काय होतो, त्याच्या अंगावर झाडं कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत, यांतलं काहीही त्या वहीत येत नाही. ज्या मुलाने पंधरा दिवसांपूर्वी मातीतून स्वतःच्या अकलेने कडा उभा केला, तेच मूल आता डोंगर म्हणजे त्रिकोण असं निमूटपणे मान्य करतं.

ही तक्रार एकेका चित्रकला शिक्षकाविरुद्ध नाही. साठ मुलांचा वर्ग, चाळीस मिनिटांपेक्षाही कमी वेळ, रंगपेटी निम्म्यांकडेच, आणि मुख्याध्यापकांना हवी असलेली भिंतीवर लावण्याजोगी नीटस चित्रं, एवढ्या अडचणींत नक्कल हाच सोपा मार्ग उरतो. पण या मार्गाने मुलांचं नुकसान होतं आणि ते नुकसान रसिकतेपुरतं मर्यादित राहत नाही. डोळ्यांनी विचार करण्याची माणसाची एक मूळ शक्ती असते; तिचा सरावच थांबतो.

रुडॉल्फ आर्नहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये ‘व्हिज्युअल थिंकिंग’ हा ग्रंथ लिहिला. पाहणं आणि विचार करणं ही दोन वेगळी कामं नसून पाहताना माणूस निवडतो, तुलना करतो, गोषवारा काढतो, म्हणजे विचारच करत असतो, हे त्याचं प्रतिपादन होतं. त्याच्याही बरंच आधी, १९२७ मध्ये, जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने लहान मुलांच्या चित्रांचा बारकाईने अभ्यास केला. मुलं डोळ्यांना दिसतं ते काढत नाहीत, त्यांना माहीत असतं ते काढतात, असं त्याला दिसलं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरलेले असतात, कारण टेबलाला चार पाय आहेत हे मुलाला ठाऊक असतं आणि एकही पाय लपवायची त्याची तयारी नसते. आपल्याकडच्या मुलाने काढलेल्या एसटीच्या चित्रात गाडीच्या पोटातली सगळी माणसं ओळीने बसलेली दिसतात आणि कंडक्टर ड्रायव्हरपेक्षा मोठा असतो, कारण तिकीट तो देतो. मोठ्यांना यात चुका दिसतात. प्रत्यक्षात कोणती माहिती ठेवायची, कोणती सोडायची आणि महत्त्वाचं काय हे कसं दाखवायचं, याचा निर्णय मुलाने केलेला असतो. नकाशा काढणारा, यंत्राचा छेद काढणारा, शरीररचनेची आकृती काढणारा माणूस पुढे हेच निर्णय घेतो. पाचव्या वर्षी मुलाकडे आपणहून आलेली ही क्षमता ‘असं नसतं काढायचं’ या एका वाक्याने मागे फिरते.

हाताने घडवताना विचार कसा घडतो याचा एक सुंदर दाखला जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत मिळतो. तिथे योसेफ आल्बर्स नव्या विद्यार्थ्यांचा पायाभूत वर्ग घेत असे. एका वर्गाची आठवण त्याच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्तमानपत्रांची चळत घेऊन आला, ती वाटली आणि म्हणाला की या कागदाचा मान राखून, त्याचे गुण ओळखून, यातून काहीतरी करा. काही तासांनी तो परतला तेव्हा टेबलांवर महाल, विमानं, प्राणी असं बरंच काही होतं. हे सगळं दगडात किंवा धातूत जास्त चांगलं झालं असतं, असं म्हणून त्याने ते बाजूला केलं. मग एका विद्यार्थ्याचं काम उचललं. त्याने कागदाला फक्त उभी घडी घातली होती आणि तो उभा केला होता. एरवी आडवा पडणारा, लिबलिबीत कागद एका घडीने ताठ झाला, त्याची दोन्ही अंगं दिसू लागली आणि त्याची नाजूक कडच भार घेऊ लागली. आल्बर्सच्या मते कागद समजला होता तो या विद्यार्थ्याला.

या गोष्टीत साहित्याचा खर्च शून्य आहे. शिक्षकाने स्वतः काहीही काढून दाखवलेलं नाही. त्याने एक अडचण समोर ठेवली, वेळ दिला, आणि शेवटी झालेल्या कामाबद्दल कसं बोलायचं ते दाखवलं.

महाराष्ट्राला असा दाखला शोधायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी खेळणी शोधायला सुरुवात केली. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, एवढ्यावर त्यांनी भूमितीचा एक अख्खा संच उभा केला. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खोचल्या की वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच समभुज चौकोनाकडे कलतो. त्यात तिरकी काडी घातली की तो पुन्हा घट्ट. एवढं केलेल्या मुलाला रेल्वेचा पूल किंवा विजेचा मनोरा दिसला की त्यात त्रिकोणच त्रिकोण दिसू लागतात, आणि ते तिथे का आहेत हे त्याच्या बोटांना माहीत असतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान केंद्राच्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम विज्ञानशिक्षण म्हणून ओळखलं जातं, ते योग्यच आहे. पण त्या काड्यांच्या सांगाड्याला शिल्पकलेचा पहिला धडा म्हणायलाही काही हरकत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शाळकरी मुलांबरोबर याच दिशेने काम केलं. शहरातल्या आणि ग्रामीण भागातल्या, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी गटागटाने पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुली अशा वस्तू बनवल्या. अट एवढीच की वस्तू करण्याआधी ती कागदावर काढायची: सांधा कुठे, माप किती, साहित्य कोणतं. कागदावरचं चित्र इथे शोभेसाठी नव्हतं. ते पाहून गटातली मुलं एकमेकांशी वाद घालू शकत होती, बेत बदलू शकत होती. चित्राचा हा उपयोग आपल्या शाळांच्या चित्रकलेच्या वहीत कधीच येत नाही.

पण या विषयात महाराष्ट्राचा खरा वारसा आहे तो सेवाग्रामचा, आणि तो आपण जवळपास विसरलो आहोत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. हाताच्या उद्योगातून सर्व शिक्षण, हे तिचं सूत्र. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने त्या कल्पनेवर शाळा चालवली. १९४४ मध्ये तिथे देवीप्रसाद नावाचा तेवीस वर्षांचा तरुण कलाशिक्षक म्हणून आला. तो शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला. नंदलालबाबूंचा आणि महाराष्ट्राचा संबंध त्याआधीच जुळला होता. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनीच तिथली सजावट बांबू, गवत अशा गावातल्या साहित्यातून केली होती. त्या परंपरेतून आलेले देवीप्रसाद १९६२ पर्यंत सेवाग्रामच्या कामात राहिले. पुढे ते युद्धविरोधी आंतरराष्ट्रीय चळवळीत लंडनला गेले आणि कुंभारकामातले भारतातले एक मोठे कलाकार म्हणून नावाजले गेले.

सेवाग्राममध्ये त्यांनी जे केलं त्याचा लेखाजोखा ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या त्यांच्या पुस्तकात आहे, नॅशनल बुक ट्रस्टने ते प्रसिद्ध केलं. नई तालीममध्ये उत्पादक उद्योगावर भर होता. सूत किती निघालं, कापड किती झालं याचा हिशेब होता. देवीप्रसादांनी त्यात कलेची बाजू मांडली आणि ती दागिना म्हणून मांडली नाही. मुलाच्या भावना, निरीक्षण आणि हाताचं कसब यांना जोडणारी गोष्ट कला आहे, तिच्याशिवाय उद्योग कोरडा होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांसमोर मोठ्यांची चित्रं नकलेसाठी ठेवायला त्यांचा विरोध होता. चित्रांच्या स्पर्धा आणि बक्षिसं त्यांना घातक वाटत. शिक्षकाने मुलाच्या चित्रावर स्वतःचा हात चालवायचा नाही. साहित्य, वातावरण आणि अनुभव पुरवायचे, मूल अडलं तर त्याच्याशी बोलायचं. सेवाग्रामच्या मुलांची चित्रं त्यांनी जपली आणि त्यांवर गंभीरपणे लिहिलं. खेड्यातल्या, ज्यांच्या घरात रंगपेटी हा शब्दही नव्हता, त्या मुलांच्या चित्रांकडे इतक्या आदराने पाहणारा शिक्षक त्या काळात मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

याच पुस्तकाचं नाव आज डी.एड.च्या, बी.एड.च्या किती विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल? वर्ध्याला राहून, वर्ध्याच्या मुलांबरोबर केलेला हा प्रयोग महाराष्ट्राच्या शिक्षक प्रशिक्षणात केंद्रस्थानी असायला हवा होता. २००५ मध्ये नई तालीम समितीने सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली, तिथे शेती, कताई, स्वयंपाक, हस्तकला यांतून शिकणं पुन्हा चालू झालं, ही समाधानाची गोष्ट. तशीच दुसरी परंपरा डहाणूच्या बाजूची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बिया, शिंपले, पानं, काटक्या अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधनं घडवली. विकतच्या माँटेसरी साहित्याचा खर्च आदिवासी पाड्यातल्या बालवाडीला झेपणारा नव्हता, आणि झेपला असता तरी शेजारच्या झाडाची शेंग मुलाला जास्त जवळची होती.

कोसबाड ज्या तालुक्यात आहे त्याच डहाणूतल्या गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मशे यांनी सत्तरच्या दशकात ती रेषा कागदावर आणली आणि तिच्यात माशांचं जाळं, शेतं, मुंग्यांची रांग, आगगाडी असं भोवतालचं सारं जग आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज राज्यभरच्या शाळांत ‘वारली’ काढून घेतली जाते, म्हणजे तक्त्यावरून दोन त्रिकोणांचा माणूस आणि तारप्याचा गोल नाच. मशे जे करत होते त्याच्या हे अगदी उलट आहे. ते आधी पाहत होते. पुण्यातल्या मुलाला वारलीचा आदर शिकवायचा तर त्याला त्या चित्रांसमोर बसवावं, त्यातली माणसं कशी वाकतात ते पाहू द्यावं, आणि मग स्वतःच्या गल्लीतली भाजीवाली, रिक्षा, गणपतीची मिरवणूक कमीत कमी आकारांत काढायला सांगावी.

आता परीक्षेकडे येऊ. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना महाराष्ट्रात मान आहे आणि तो पूर्णपणे अनाठायी नाही. वस्तुचित्राच्या पेपरला मुलांसमोर खरंखुरं मडकं, खरी भाजी, खरी घडी पडलेलं कापड असतं. सावली कुठे पडते ते पाहिल्याशिवाय सुटका नसते. मध्यमवर्गीय आणि गरीब घरांतल्या असंख्य मुलांना आपल्याला चित्र येतं हे पहिल्यांदा या परीक्षेने सांगितलं. पुढे जे.जे.मध्ये किंवा इतर कलामहाविद्यालयांत गेलेल्या कितीतरी जणांची सुरुवात तिथली. मात्र स्मरणचित्राचं काय झालं ते पाहावं. आठवणीतून, कल्पनेतून प्रसंग उभा करायचा हा त्या पेपरचा हेतू. शिकवण्यांमध्ये मुलांना बाजार, बसथांबा, पाऊस, जत्रा असे ठराविक विषय आणि ठराविक माणसं पाठ करून दिली जातात. टोपीवाला आजोबा उजवीकडून दुसरा, टोपली घेतलेली बाई डावीकडे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून ही घोकंपट्टी आणखी वाढणं स्वाभाविकच होतं. परीक्षा रद्द करून यातून काही साधणार नाही. प्रश्नपत्रिका बदलता येईल. मुलाला कागद, कात्री, दोरा देऊन एखादी घडीव वस्तू करायला सांगता येईल. तीन कच्चे आराखडे आणि मग अंतिम चित्र मागता येईल, आणि गुण आराखड्यांनाही देता येतील. पाठ केलेल्या माणसांचे तीन वेगवेगळे आराखडे देता येत नाहीत.

कलाशिक्षणाची बाजू मांडणारे अनेकदा एक चूक करतात. चित्र काढलं की गणित सुधारतं, गुण वाढतात, असं ते पालकांना सांगतात. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मधल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी १९५० पासूनच्या संशोधनांचा आढावा घेऊन २००० मध्ये निष्कर्ष मांडले. वर्गातल्या नाट्यामुळे भाषेची काही कौशल्यं वाढतात याला त्यांना आधार सापडला. पण कलेच्या तासांमुळे इतर विषयांचे गुण वाढतात असा भरवशाचा पुरावा सापडला नाही. कलाप्रेमी मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. त्याच दोघींनी मग उलटा प्रश्न विचारला: चांगल्या कलावर्गात मुलं नेमकं शिकतात तरी काय? बॉस्टन परिसरातल्या दोन शाळांचे कलावर्ग चित्रित करून, सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २००७ मध्ये ‘स्टुडिओ थिंकिंग’ हे पुस्तक लिहिलं. बारकाईने पाहणं, अजून नसलेली गोष्ट मनात उभी करणं, चिकाटीने एका कामाला लागून राहणं, झालेल्या कामावर विचार करून बोलणं, चुकून झालेल्या गोष्टीतून नवी वाट काढणं, अशा आठ सवयी त्यांनी नोंदवल्या. गणिताचे गुण हवे असतील तर गणित शिकवावं. या सवयींसाठी मात्र कलेचा तासच लागतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या हक्काने मागायला हवा.

या सवयींनी काय होतं? १६०९ च्या उन्हाळ्यात थॉमस हॅरियट या इंग्रज विद्वानाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचं चित्र काढलं. उजेड आणि अंधार यांच्यामधली एक खडबडीत रेघ, एवढंच त्याच्या कागदावर उतरलं. त्याच वर्षअखेरीस गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याला फ्लॉरेन्सच्या चित्रपरंपरेतलं छायाप्रकाशाचं शिक्षण होतं. खडबडीत रेघेजवळचे उजेडाचे ठिपके पाहून ही डोंगरांची शिखरं आहेत, त्यांवर सूर्य आधी पोचतो, हे त्याला कळलं, आणि त्याच्या चित्रांत दऱ्या-डोंगर दिसले. गॅलिलिओचं पुस्तक १६१० मध्ये निघालं. त्यानंतरच्या हॅरियटच्या चित्रांत विवरं दिसू लागतात. हॅरियट उत्तम गणिती होता. चित्रकलेचं शिक्षण मात्र गॅलिलिओकडे होतं.

सरकारी कागदांवर कलेला विरोध कुठेच नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबरच्या निबंधाने कला सक्तीचा विषय करावा असं सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कलेशी जोडलेल्या शिक्षणाचा पुरस्कार आहे. प्रत्यक्षात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि पटसंख्या शंभरपेक्षा जास्त असेल तरच, कलेला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीला तोही नाही. ज्या वयात मूल एसटीच्या पोटातली माणसं काढतं, त्या वयात कलेचा शिक्षक द्यायची कायद्याला गरज वाटली नाही. लहान जिल्हा परिषद शाळांत तर शंभराची अटच पूर्ण होत नाही. अशा स्थितीत ‘कलेशी जोडलेलं शिक्षण’ म्हणजे इतिहासाच्या धड्यावर चमकीचा तक्ता, असा अर्थ लावला जातो. तो तक्ता रात्री अकराला आई करते किंवा स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतो.

म्हणून मागण्या नेमक्या असायला हव्यात. पहिलीपासून दर शाळेला, पट लहान असेल तर तीन-चार शाळांच्या समूहाला, एटीडी ही कलाशिक्षणाची पदविका घेतलेला पूर्णवेळ कलाशिक्षक. आठवड्यात दोन सुटे तास असतील तर ते सलग जोडून, कारण माती मळून हात धुवायलाच पंधरा मिनिटं जातात. गुणांसाठी चित्राबरोबर मुलाने काढलेले कच्चे आराखडे. आणि प्रशिक्षणात देवीप्रसाद, ताराबाई, अरविंद गुप्ता यांचं काम, तेही व्याख्यान म्हणून न ठेवता शिक्षकांनी स्वतः काड्या जोडून, कागद घडवून, माती थापून. ज्या शिक्षिकेने चौकोन कोसळताना स्वतः पाहिला नाही, तिला वर्गात तो क्षण ओळखता येणार नाही.

यातलं बरंचसं आदेशाची वाट न पाहताही सुरू होऊ शकतं. चौथीच्या वर्गात प्रत्येक दोघांना एक जुनं वर्तमानपत्र द्यावं, डिंक नाही, कात्री नाही, आणि जास्तीत जास्त उंच उभं राहील असं काहीतरी करायला सांगावं. वीस मिनिटांत काही जण सुरळी करतील, काही पंख्यासारख्या घड्या घालतील, काहींचं तीनदा पडेल. उरलेल्या वेळात मुलांनी वर्गभर फिरून एकमेकांचं पाहावं. शिक्षिकेने फक्त विचारावं: हे का पडलं, हे का पडत नाही, तुझ्यातलं काय बदलशील? मग प्रत्येकाने स्वतःच्या रचनेचं चित्र वहीत काढावं, जोर कुठे येतो तिथे बाण दाखवून. पुढच्या आठवड्यात शाळेतला हातपंप. कोणाच्याही वहीत न पाहता, हापशाभोवती बसून, दांडा खाली गेल्यावर आत काय होत असेल तेही काढायचं. कोणाचा पाइप वाकडा येईल, कोणी जमिनीखालचं पाणी निळ्या बदकांसकट काढील. त्या चित्रावर तारीख घालून ते तसंच ठेवावं आणि मार्चमध्ये तोच हातपंप पुन्हा काढायला द्यावा. दोन्ही कागद पालकसभेत शेजारी शेजारी ठेवले की मूल वर्षभरात काय पाहायला शिकलं हे पालकांना प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा स्पष्ट दिसेल.